धावून येणाऱ्याचे नाव

तुळसाबाईने पहिल्याच भेटीत माझ्यासमोर स्वतःचा तुटलेला दात ठेवला. ओठ फाटला होता, पदरावर रक्त वाळत होते, आणि त्याच तोंडाने ती मला खरेदीखत लिहायला सांगत होती. अकोल्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून दस्त लिहिणे हा माझा धंदा. भांडणारी माणसे मला नवी नव्हती, पण मार खाऊन थेट जागा विकत घ्यायला आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"इकणारा किसन आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या चुलतभावाचं नाव बी घाला. त्यानंच मले मारलं."

"मारलं म्हणून दस्तात नाव?"

"हक्क नसता तं त्यानं काहून मारलं असतं? मी जागेवर कुदळ मारून राहिली होती. तो घरून धावत आला. तुमी तपासा."

मी तपासले. चुलतभावाचा चौथा हिस्सा निघाला. किसनने तो माझ्यापासून आणि तिच्यापासूनही लपवला होता.

ती अंजनगाव सुर्जीच्या माळ्याची लेक. नवरा पटकीने गेला, तेव्हापासून अकोल्यात भाजी विकायची. पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला आणि रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागली. कापूस ठेवायला, गाठी बांधायला, बैल सोडायला जो तो जागा शोधू लागला. आगगाडी अमरावतीत येणार अशी बोलवा उठली तेव्हा तिने अंगावरचे डाग-दागिने मोडून तिथे एक तुकडा घेतला. लाइन आखली गेली बडनेऱ्याहून. तुकड्यावर बाभळी माजल्या. "लोकाच्या तोंडावर इसवास ठेवला," ती सांगायची, "आता खुंटी ठोकलेली दिसल्याबिगर मी जागा घेत नाही."

अकोल्यात आगगाडीच्या साहेबाची माणसे लाइनीच्या खुंट्या ठोकू लागली तशी ती त्यांच्या मागे मागे हिंडली. काळी जमीन तिने एकदाही घेतली नाही. मुरमाड, उंचवट्याची, कोणी पेरत नाही अशीच घ्यायची. शेतकरी हसत. ती म्हणायची, "काळ्या मातीत कापूस लावा. गोदामाची भितं नोका उभारू. एका पावसात उभी फाटते."

आणि प्रत्येक वेळी कुदळ. सौदा ठरला की दिवसाउजेडी जागेवर जायचे, मधोमध खणायला लागायचे आणि कोण कोण धावून येते ते पाहायचे. एकदा तिघे भाऊ आले. त्यांनी तिचे डावे मनगट मोडले. तिने थोरल्याचा कान दातांनी तोडला. चार दिवसांनी तोच थोरला कानाला फडके बांधून माझ्यापुढे बसला आणि निमूट अंगठा देऊन गेला. त्याच्या हिश्शाचे पैसे तिने त्याच्या हातात ठेवले. "आता काही दुखनं राहिलं का?" तिने विचारले. कानाबद्दल विचारते की जमिनीबद्दल, ते त्याला कळले नसावे. तो नाही म्हणाला.

स्टेशनासमोरचा मोठा तुकडा मात्र सहज मिळाला. मारोती नावाच्या माणसाने तो विकायला काढला होता. भाऊ वारला, मागे कोणी नाही, असे त्याने सांगितले. तुळसाबाईने सकाळपासून दुपारपर्यंत खणले. कोणीच आले नाही. बांधावर एक बाई तेवढी उभी होती, पदर डोक्यावरून ओढलेली. ती पाहत राहिली आणि निघून गेली.

दस्त झाला. दुसऱ्या दिवशी तीच बाई माझ्याकडे आली. मारोतीच्या भावाची विधवा, सोनाबाई. भावाभावांत वाटणी झालेली होती, अर्धा तुकडा नवऱ्यामागे तिचा होता. "कागदात माहं नाव आहे का?" तिने हळूच विचारले. दंडावर काळेनिळे वळ होते.

मी नाही म्हणालो. घरी जा, दिराशी बोल, असेही म्हणालो. माझा दस्त खोटा ठरला असता तर माझ्याकडे कोण आले असते? तुळसाबाईला मी काही सांगितले नाही.

वर्षभरात तुळसाबाईने तिथे कुंपण घालून गोदाम उभारले आणि एका दलालाला तो तुकडा हवा झाला. तुळसाबाई विकेना. दलालाने सोनाबाईला हुडकून काढले. ती अंगठा देईना तेव्हा त्याच्या माणसांनी तिची दोन बोटे पिरगाळून मोडली आणि तिच्या हिश्शाच्या खरेदीखतावर अंगठा उठवून घेतला. मग भर दुपारी पंधरा जण लाठ्या घेऊन जागेवर आले.

मी कचेरीतून धावत गेलो तोवर तुळसाबाईचा गडी नामदेव कुंपणाशी मरून पालथा पडला होता. डोके फुटून मुरूम लाल झाला होता. ती कुऱ्हाड घेऊन फाटकात उभी होती. एकाचा खांदा तिने हाडापर्यंत उघडा केला, तो गुरासारखा ओरडत होता. दुसऱ्याने मागून लाठी घातली. ती गुडघ्यावर आली, पुन्हा उठली, पुन्हा लाठी बसली. शिपाई आले तेव्हा सगळे पांगले. ती पडूनही कुऱ्हाड सोडत नव्हती. मीच तिची बोटे एकेक करून उघडली.

ती सहा दिवस जगली. तिसऱ्या दिवशी सोनाबाई आली, हाताला चिंधी गुंडाळलेली. "बाई, मी अंगठा खुशीनं नाही देल्ला," ती म्हणाली आणि सगळे सांगितले. त्या दिवशी बांधावर उभी असलेली बाई आपणच, हेही.

"मंग त्या दिवशी धावून काहून नाही आली?" तुळसाबाईने विचारले.

"दिरानं जितं ठेवलं नसतं."

तुळसाबाई माझ्याकडे वळली. "तुमाले मालूम होतं?"

"हो," मी म्हणालो.

ती रागावेल असे वाटले. रागावली असती तर बरे झाले असते. तिने डोळे मिटले. "लिहा," म्हणाली. "अर्धी जागा हिची. पैल्यापासून हिचीच होती असं लिहा. बाकीची नामदेवच्या बायकोची."

मी लिहिले. तिने अंगठा दिला. "साक्षीदार कोन?"

"कोणाला बोलावू?"

"तुमीच करा सही. तुमच्याइतकं कोनाले मालूम आहे?"

मी सही केली. ती गेल्यावर खटला उभा राहिला आणि साक्षीदार म्हणून मला कचेरीतल्या साहेबापुढे जावे लागले. सोनाबाईचा हक्क तुला कधीपासून ठाऊक होता, असे त्याने विचारले. मी खरे सांगितले. दलालाचा कागद रद्द झाला, त्याच्या माणसांना सजा झाल्या, आणि कचेरीच्या आवारात दस्त लिहायची मला कायमची मनाई झाली.

बाहेर आलो तेव्हा सोनाबाई पायरीशी उभी होती. आता पोटाला काय करणार, असे तिने विचारले. मी म्हणालो, ठाऊक नाही. "गोदामात गाठी मोजायले मानूस पाह्यजे," ती म्हणाली. "पन खोटं चालनार नाही." मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या कामावर हजर झालो.