ठेवणीतलं नाव

माझा धाकटा भाऊ उत्तरेकडच्या तराईतल्या एका राखीव जंगलात गेंड्यांचा डॉक्टर आहे. तिथले गेंडे शिकारीपायी कधीच संपले होते. मग दुसरीकडून थोडे नर आणि माद्या आणून कुंपणाच्या आत सोडले, आणि त्यांना पिल्लं होतात का याकडे सगळे डोळे लावून बसले. झाली. यंदा तर एकामागून एक झाली. आमच्या गावी, लालबागेत, त्याचं कौतुक असं, की ती पिल्लं जणू आईच्या अंगणातच जन्मली.

मलाही कौतुक होतं. गेंड्याची मादी सोळा महिने गाभण असते, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बापरे, मला नऊच किती जड गेले!" त्यानं लगेच विषय बदलला. का, ते मला ठाऊक होतं.

माझी मुलगी जन्मली आणि बारशाआधीच गेली. आत्यानं पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायचं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, आणि तोवर नाव उच्चारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी एक नाव मनात धरून ठेवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते फक्त भावाला, ती गेल्यावर, दवाखान्यात. तो माझ्या पायाशी बसून माझ्याहून जास्त रडत होता. कुणाला सांगणार नाही, अशी त्यानं माझ्या गळ्याची शपथ घेतली.

गेल्या महिन्यात आई मावा जिलबीचा पुडा आणि पेपर घेऊन सकाळीच घरी आली. पेपरात भावाचा फोटो, शेजारी चिखलानं माखलेलं पिल्लू, आणि खाली ठळक अक्षरांत पिल्लाचं नाव. माझ्या मुलीचं नाव.

"किती गोड नाव ठेवलं ना पोरानं!" आई म्हणाली. तिच्यासोबत आलेल्या शेजारच्या काकूंनीही ते दोनदा म्हणून पाहिलं. मी मुकाट्यानं जिलबी खाल्ली. बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या दोघी गेल्यावर मी भावाला फोन लावला.

"अगं ताई, ती जन्मली तेव्हा श्वासच घेत नव्हती," तो म्हणाला. "मी तोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, अन् एकदम जीव आला तिच्यात. तिच्या आईनं तर जवळबी नाही घेतलं, आम्हीच बाटलीनं दूध पाजून राह्यलो. स्टाफवाले नाव विचारत होते, तोंडातून तेच निघालं. वाटलं, चलो, कुठं तरी राहील ते. तुला बरं वाटेल."

"मला विचारलंस?"

तो पुन्हा बाटलीचं, दुधाचंच सांगू लागला.

"गेंड्यांत राहून कातडीपण त्यांचीच झाली तुझी," मी म्हटलं. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. हे तर केसानं गळा कापणं झालं, तेही ज्या गळ्याची शपथ घेतली तोच. "नाव बदल. आजच्या आज."

मग तो हळूच म्हणाला, "आता नाही होणार, ताई. हाक मारली की ती वळून पाहते."

मी फोन ठेवला. माझ्या मुलीला त्या नावानं कुणी एकदाही हाक मारली नाही. मीसुद्धा नाही.