खळीनं चिकटवलेलं शेवाळ

बाबा रिसोडच्या बाजारात पोती उचलायचे. सोयाबीनच्या दिवसांत ते तिकडेच मुक्काम करत आणि माय किन्हीराजाजवळच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात सोंगायला जाई. आमचं स्वतःचं रान म्हणजे मुरमाड उतार. खाण्यापुरती तूर झाली तरी वर्ष बरं गेलं म्हणायचो. पावसाळ्यात घरात कोरडी जागा एकच, पत्र्याची पेटी. माझी पुस्तकं तिच्यात, मायच्या लुगड्यांखाली. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मी उगाच लाजत नाही.

मी लाल शेवाळावर पीएच.डी. करत होते. लाल शेवाळ म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, आणि वाशिमात समुद्र कुठला. पण गोड्या पाण्यातही ते थोडंफार असतं. हिवाळ्यात, वाहत्या नाल्यात, सावलीतल्या दगडावर बोटभर लांबीचे बुळबुळीत झुबके दिसतात. रंग मात्र काळपट हिरवा. मायला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिनं ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "याले लाल कोन म्हनते? आधी डोळे तपासून घे, मंग डाक्टर व्हय."

कॉलेजच्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे. कागदावर चिकटवून वाळवलेले जुने नमुने त्यात ठेवतात. हर्बेरियम म्हणायचं ते तेच. त्यातल्या एका कागदावर आमच्याच गावच्या नाल्यातलं शेवाळ होतं. मी जन्मायच्या आधी विभागातल्या एका सरांनी ते गोळा केलं होतं. सर आता नाहीत. मला तसंच शेवाळ मानोऱ्याकडे, एका तांड्याखालच्या नाल्यात सापडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसत. ही जात एक की दोन, एवढाच माझा प्रश्न होता.

गावच्या नाल्यात ताजं शेवाळ मिळालं असतं तर तो कधीच सुटला असता. पण नाला खोल करताना जेसीबीनं दगडच उचलून नेले होते. तीन हिवाळे मी चप्पल हातात घेऊन तिथं फिरले. गाळ आणि बेशरमाची झुडपं, दुसरं काही नाही. म्हणजे जे काय होतं ते त्या एका कागदावर. त्यातून डीएनए निघाला तर प्रबंध पुरा होणार, नाहीतर नोंदणीची मुदत संपून सगळी वर्षं वाया.

विभागप्रमुख मॅडमनी तुकडा काढायला परवानगी दिली, पण मसुरीच्या डाळीएवढाच. सकाळी मी एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायचे, दुपारी विभागात बसायचे. शनिवारचे तास संपले की नागपूरची एसटी. तिथल्या एका प्रयोगशाळेत मानोऱ्याच्या ताज्या शेवाळाचा डीएनए आधीच वाचून झाला होता. हा तुकडाही तिथंच दिला.

महिन्याभरानं तिथल्या सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचं शेवाळ गहू निघालं. पोळ्या करा."

मला हसू आलं नाही. डब्यातली पोळी खाऊन मी हात धुतले होते का, हेच आठवत बसले. मॅडमना विनवून दुसरा तुकडा मिळवला, नवे हातमोजे घातले, दिवसभर पोटात चहाशिवाय काही नाही. या वेळी तर काहीच आलं नाही. गहूसुद्धा नाही. परतीच्या एसटीत बसायला जागा असून मी उभी राहिले. बसले असते तर मला परत उठता आलं नसतं.

शेवटी विभागातल्या जुन्या शिपाई काकांकडे रिसोडला गेले. कपाट पूर्वी तेच सांभाळत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते.

"काका, कपाटातले कागद कशानं चिकटवले होते?"

"खळीनं. कायले?"

"गव्हाच्या?"

"मंग काय दगडाच्या? तपासनीची कमिटी येऊन राह्यली होती. हात लावला का शेवाळ खाली. सायेब म्हनले, दोन दिवसांत नीट कर. घरवालीनं गंजभर खळ शिजवली, वरून मोरचूद टाकला. झुरळ खात नाही त्यानं. एक तरी कागद सुटला का आजपावतो?"

"नाही सुटला."

"मंग तक्रार काय हाय तुयी?"

तक्रार मी सांगितली. खळीतला गहू शेवाळाच्या आधी वाचला गेला, आणि जिथं मोरचूद जास्त मुरला तिथं तपासणीची प्रक्रियाच बिघडली. आतून काकूंचा आवाज आला, "मी तवाच म्हनत होती, फेविकॉल आना म्हनून. पन आमाले कोन इचारते."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा काका म्हणाले, "अन् झडलेलं कुठं गेलं, हे नाही इचारत?"

"कुठं गेलं?"

"शेवाळवाल्या सरायचा शब्द होता, कन बी फेकायचा नाही. नोकरीच्या आधी मी शेठच्या किराना दुकानात पुड्या बांधत होतो. तशाच बांधल्या. कागदावरचा नंबर पाहून पाहून पुडीवर काढला. खालच्या खान्यात बिस्किटाचा डबा हाय."

तो डबा मी रोज पाहत होते. कपाटाचं मोडकं दार लागत नव्हतं, म्हणून आम्ही तोच खालच्या खणातून काढून दाराला बाहेरून टेकवून ठेवला होता.

पुडी सापडली. वर्तमानपत्राचा तुकडा, दुकानदारी घडी, त्यावर चितारल्यासारखे आकडे. आत चिमूटभरही नव्हतं, काळी भुकटी आणि दोन-तीन तंतू. खळ नाही, मोरचूद नाही. तंतू कागदावरच्या शेवाळाशी जुळतात का ते मॅडमनी आणि मी पाळीपाळीनं पाहिलं. जुळले. मॅडम म्हणाल्या, "अर्धंच न्यायचं. उरलेलं आपल्यानंतरच्या माणसाला." अर्धं नेलं.

जुना डीएनए तुटलेला असतो. लहान लहान तुकडे वाचायचे आणि कुठला कुठं बसतो ते पाहायचं. नागपूरच्या सरांना वेळ लागला. मी तास घेत राहिले, पेपर तपासत राहिले. आशा होती म्हणायला तेवढा जोरही उरला नव्हता. निकाल आला त्या दिवशी मला ताप होता. मोबाइलवर तो दोनदा वाचला आणि झोपून गेले.

ते लाल शेवाळच होतं, आणि मानोऱ्याच्या शेवाळापेक्षा साफ वेगळं. जाती दोन आहेत. त्यातली एक जिथं होती, तिथं आता नाही. तासिकेवरची नोकरी अजून तीच आहे. कपाटातल्या त्या कागदाच्या कोपऱ्यावर मी निकालाची चिठ्ठी लावली, प्रबंध मुदतीत दिला आणि विद्यापीठानं तो मान्य केला.