नाकातला उरलासुरला

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कोविडच्या त्या पहिल्या वर्षी माझा ताप उतरला होता, खोकला गेला होता, मी पुन्हा कालवणभात ओरपू लागले होते, आणि तरीही माझ्या नाकात कोणीतरी राहत होते. तसा लेखी पुरावा होता. दर तपासणीला रिपोर्ट यायचा: पॉझिटिव्ह.

मी मुरुडजवळच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स. समोरच्याच बंद लॉजच्या खोलीत मला ठेवले होते. लागोपाठ दोन रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय कामावर पाय ठेवायचा नाही, असा तेव्हाचा नियम. मला काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. पडून पडून थकवा मात्र असा आला होता की, बाहेर झावळी धाडकन पडली तरी मान वळवायचा कंटाळा.

माझ्या वाटचे काम माझी धाकटी सहकारी ओढत होती. तिचे घर खाडीपलीकडे, दिघीला. आगरदांड्याहून फेरीबोट धरली की घर. पण मी कामावर आले तरच ती बोट धरणार. तिची लेक तिथे आजीपाशी होती. रोज डबा ठेवायला ती खिडकीखाली यायची, गालांवर मास्कचे वळ घेऊन.

"ताई, रिपोर्ट आला काय?"

"आला. पाहुणा अजून मुक्कामाला हाय."

"त्याला भाडं लाव मग." थोडे थांबून म्हणाली, "पोरगी काल फोनवर मला मावशी म्हणाली."

हसली, आणि पायरीवर बसली. बराच वेळ उठलीच नाही.

पुढचाही रिपोर्ट तसाच आला, तेव्हा आमचे डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले. त्यांचेही डोळे झोपेविना सुजलेले.

"सिस्टर, ही तपासणी विषाणूचे तुकडे शोधते. तो जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. तुम्ही बऱ्या होऊन कितीतरी दिवस झाले, आणि आता सापडतंय तेही अगदी किंचित. मोडतोड आहे ती. नियमही बदललाय, बऱ्या झालेल्यांना पुन्हा तपासत बसायचं नाही. उद्या कामावर या."

"आणि माझ्यापासून कुणाला झाला तर?"

"तसं होणं अवघड आहे. अगदी छातीठोक मीही सांगणार नाही. मास्क काढू नका."

एवढ्याशा खात्रीवर सकाळी मी वॉर्डात उभी राहिले. माझी धाकटी सहकारी पिशवी भरून तयारच होती. मी लांबूनच तिला सगळे समजावले: रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह, पण नाकात उरलेत ते विषाणू मेलेले, तपासणी त्यांनाही मोजते.

तिने पिशवी खांद्याला लावली, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली, "म्हणजे मेलेल्यांची हजेरी लागते ताई, आणि इथं जित्या बाईची रजा लागत नव्हती."