डाव्या कानामागची गाठ

डिसेंबरच्या सुरुवातीला मोरीत कपडे धुताना आईचा पाय सरकला आणि ती उजव्या मनगटावर पडली. कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. आम्ही तेव्हा विक्रोळीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहायचो. बाबा, आई, मी आणि कुत्रा. मी अकरावीला होते.

कुत्रा मुळात बाबांच्या साहेबांचा. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो बाबांना दिला. पांढरा पॉमेरियन, मानेभोवती केसांचा हा एवढा झुबका. इतक्या लोकांतून साहेबांनी आपल्यालाच विचारलं, हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्षभर सांगत होते.

बाबा फोरमन होते. खात्यात माणसं त्यांना टरकून असत आणि घरात आम्ही. माझ्या डोक्यापर्यंत त्यांचा हात आला तर तो टपली मारायलाच. पण कुत्र्याला घेऊन बसले की हा माणूस वेगळाच व्हायचा. थंडीत कुत्र्याला आंघोळ घालायची नाही, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बाबा रोज सकाळी त्याला घेऊन ओट्यावर उन्हात बसायचे, अंगावर पावडर शिंपडायचे आणि तारेच्या ब्रशने विंचरायचे. कानामागे गाठी व्हायच्या. तिथे ब्रश नाही लावायचे. केस मुळाशी दोन बोटांत धरायचे, म्हणजे ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने एकेक केस सोडवत राहायचे. "झालं बाळा, झालं," असं म्हणत. हा आवाज मी एरवी कधी ऐकला नव्हता.

आईचे केस कमरेपर्यंत होते. हात मोडल्यावर तिची वेणी माझ्याकडे आली. मी सकाळी कॉलेजच्या घाईत भराभर फणी ओढायची. आई डोळे मिटून बसायची.

एका सकाळी मला उशीर झाला होता. मी चपला घालत म्हटलं, "आज राहू दे ना गं, आल्यावर घालते." आई केस मोकळे सोडून, डाव्या हातात फणी घेऊन दारात उभी राहिली. बाबा ओट्यावर कुत्र्याला विंचरत होते. समोरच्या ओट्यावर शेजारच्या काकू तांदूळ निवडत होत्या.

आई म्हणाली, "अहो, त्याचं झालं की जरा माझे पण विंचरा ना."

बाबांनी मान वर केली नाही. "तुझे? तुझ्यापेक्षा याचे बरे आहेत. गळून आमटीत तरी पडत नाहीत."

काकू हसल्या. आईही हसली, लाजल्यासारखी. आणि मीही हसले. अगदी मोठ्याने हसले, कारण बाबा क्वचित विनोद करायचे आणि त्याला आपण हसलो की त्यांना बरं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात बाबांना फर्स्ट शिफ्ट होती आणि मला नाताळची सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर आईने शिवणाच्या मशीनमधली मोठी कात्री काढली आणि कुत्र्याला हाक मारली. चिडली की आई मालवणीत बोलायची. "धर गो त्याका," ती म्हणाली.

मी विचारलंसुद्धा नाही. मी धरलं.

कुत्र्याला वाटलं विंचरायचंय. तो आपणहून कुशीवर झाला आणि त्याने पुढचा पाय वर केला. आईने डाव्या हाताने कात्री चालवली. पात्यांत केस नुसते दुमडत होते, कापले जात नव्हते. दोन-तीनदा तिने दात-ओठ खाऊन प्रयत्न केला. मग मीच म्हणाले, "आण इकडे."

पाठ मी भादरली. पोट, शेपटी, मानेचा झुबका, सगळं मीच. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. फरशीवर पांढरा ढीग वाढत होता आणि त्यातून गुलाबी, हडकुळं, उंदरासारखं काहीतरी बाहेर येत होतं. डाव्या कानामागे एक गाठ होती. ती मी मुठीत धरली, ओढली आणि मुळाशी कात्री घातली. गाठीबरोबर कानाची कड आली, नखाएवढी.

तो कुत्रा जसा ओरडला तसं मी नंतर कुठल्या जनावराला ओरडताना ऐकलं नाही. आईने धावत जाऊन हळद आणली आणि कानावर दाबली. मग माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "जा, हात धू," म्हणाली.

बाबा चार वाजता आले. आई कात्री मांडीवर घेऊन खाली बसली होती. कुत्रा कोपऱ्यात कुडकुडत होता.

"कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली.

उजवा हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या बाईला हे कसं जमलं, हा प्रश्न बाबांना पडायला हवा होता. रोज खात्यात कोणाच्या हातून काय बिघडलं ते शोधणारा माणूस. पण ते कुत्र्याशेजारी बसले आणि रडायला लागले. आजी गेली तेव्हाही ते रडले नव्हते. आपला स्वेटर काढून त्यांनी त्याला गुंडाळलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, सांग तिला. यापुढे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

मला वाटलं, आठवडाभर चालेल. पण ते त्यानंतर आईशी थेट कधीच बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते कुत्र्याला सांगायचे. "बाळा, सांग तिला, आमटीत मीठ नाही." "सांग तिला, चार माणसं येणार आहेत जेवायला." आई मिठाची बरणी पुढे सरकवायची. प्लॅस्टर निघालं, मनगट वाकडंच राहिलं. त्यावर बाबांनी कुत्र्यालाही काही विचारलं नाही.

कुत्र्याचे केस पुन्हा आले, पण धड नाहीत. पाठीवर दोन ठिकाणी टक्कलच राहिलं. तो आईकडे पूर्वीसारखाच जायचा, तिच्या पायाशी झोपायचा. मी खोलीत आले की मात्र कॉटखाली शिरायचा. हे बाबांच्या कधी लक्षात आलं नाही.

एकदा मी आईला विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुका मारल्यानी असता," ती म्हणाली. "माका काय, सवय आसा."

चार वर्षांनी माझं लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. त्याच थंडीत कुत्रा म्हातारपणाने गेला. मी दोन दिवस माहेरी आले. जेवायला बसलो. बाबांच्या पानातला भात संपला होता. सवयीने ते पाटाच्या डाव्या बाजूला वळले. तिथे कोणी नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, भात."

आई हाताच्या अंतरावर बसली होती.

"आई, भात," मी म्हणाले.

जेवण झाल्यावर बाबा एकटेच ओट्यावर जाऊन बसले. खरं काय ते सांगायला तशी वेळ पुन्हा मिळाली नसती. मी उष्टी पानं उचलली आणि भांडी घासायला बसले.