वर्गाचा डोळा

धम्मप्रिया मॅडम सोलापुरातल्या एका पत्र्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. ‘डोळ्यातल्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते’ हे वाक्य दहावीची पोरं घडाघडा म्हणायची, पण त्यावर विश्वास एकाचाही नव्हता. म्हणून मॅडमनी अख्ख्या वर्गाचाच डोळा करायचं ठरवलं. वर्गात अंधार करायचा, खिडकीला रुपयाएवढं एकच भोक ठेवायचं आणि बाहेरचं मैदान समोरच्या भिंतीवर उलटं उतरवायचं.

सोलापूरच ते, पोरांनी पहिल्यांदा घरोघरचे टॉवेल आणून खिडक्यांना लावले. त्यातून ऊन आरपार आलं. दुसऱ्यांदा जाड चादरी आणल्या, तर वर पत्र्याची भोकं चमकू लागली. “मॅडम, फळ्यावर काढा की डोळा,” मुख्याध्यापक बिराजदार सर म्हणाले. “आता शेवटचा एक तास देतो. मग पोर्शन.”

तिसऱ्यांदा मॅडम घरून कणकेचा गोळा घेऊन आल्या, बाकावर स्टूल ठेवून चढल्या आणि एकेक भोक लिंपत सुटल्या.

“मॅडम, चपात्या कधी?” मागून चंद्रिकानं विचारलं.

“भिंतीवर काही दिसलं की,” मॅडम वरूनच म्हणाल्या.

वर्ग काळाकुट्ट झाला. मग हळूहळू भिंतीवर मैदान उतरलं, आणि त्यात खाली डोकं वर पाय करून बिराजदार सर येरझाऱ्या घालत होते. पोरं हसून बाकांवर लोळली. चंद्रिका तेवढी हसली नाही.

“पण मॅडम, डोळ्यात उलटे पडत्यात, तर सर आपल्याला सरळ का दिसत्यात?”

मॅडमना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी दार किलकिलं केलं आणि उन्हातल्या सरांना सांगितलं, “सर, उद्याचाही तास लागणार. मेंदू राहिलाय.”