आतल्या खोलीतला श्वास

अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्या बाबांचा कान मोठा तिखट. भात्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं, तरी त्यांना ऐकू यायचं. म्हणून भर दुपारी दुकानात घर्र... घर्र सुरू झालं, तेव्हा त्यांनी आधी फळीवरचे सगळे भाते तपासले. सगळे पट्ट्यांनी बांधलेले, गप्प. आवाज मात्र चालूच.

मग त्यांच्या अंगावर काटा आला. दुकानाच्या आतल्या खोलीत बायको वारली, ती असाच घरघरता श्वास घेत.

ते घाबरले, पण खरं सांगायचं तर सुखावलेही. दोन दिवस भाते चिकटवायच्या सरसाचं भांडं बाजूला सारून नुसते ऐकत बसले. लेकीला बोलले नाहीत. म्हातारा कामातून गेला म्हणेल. शिवाय आवाज थांबला तर, ही धास्ती होतीच. टेबलाखाली ठमी, बायकोची लाडकी कुत्री, हल्ली आडवी होत नाही, बसूनच डुलक्या काढते, हे दिसूनही त्यांना दिसलं नाही.

तिसऱ्या दुपारी लेक डबा घेऊन आली, ती दारातच थबकली.

"बाबा, हा कसला आवाज?"

"तुलाही येतो?" बाबांचे डोळे भरून आले. "तुझी आई आलीय गं."

लेक टेबलाखाली वाकली. ठमी मान ताणून, कोपरं फाकवून उभी होती. तोंड उघडं, पोट जोरानं आत-बाहेर. लेकीनं तिचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या निळसर.

"आई कुठली, ही ठमी आहे! श्वास पुरत नाहीये तिला!"

काखेत कळसा अन् गावाला वळसा, पण हसायला वेळ कुणाला होता? बाबा पाण्याची वाटी घेऊन धावले.

"पाणी नको, ठसका लागेल. गळ्यातला पट्टा काढा. पोट दाबू नका, अलगद उचला."

दवाखान्यात ठमीला प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. हृदय थकल्यानं फुफ्फुसांत पाणी साठलं होतं.

"दोन दिवस ऐकत होतात, मग आणलं का नाही?" बाबांकडून सगळं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गेलेलीला ऐकायच्या नादात आपण जितीला मरू देत होतो, या विचारानं बाबांना रडू आलं.

ठमी वाचली. "झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास गेले, की लगेच या," बाई म्हणाल्या.

आता दुपारी ठमी आडवी होऊन शांत झोपते. बाबा घड्याळ समोर ठेवून तिचं पोट बघत मोजतात. काल असेच मोजत असताना आतल्या खोलीत घर्र झालं. ठमीनं डोळे न उघडताच शेपटी हलवली.

बाबांनी मान वळवली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले, "आधी तुझ्या ठमीचं मोजू दे."