मोहन भोईरने न खोडलेला आकडा

मोहन भोईर फाशांचे आकडे खोटे सांगत असे.

हे मी त्याच्या हयातीत, त्याच्याच घरी, त्याच्या पत्नीसमोर बोललो आहे. म्हणून आज, त्याला जाऊन एक वर्ष होत असताना, ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

आमचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चौघे बसतात. एकजण गेममास्टर, तो गोष्ट सांगतो आणि शत्रूंच्या बाजूने खेळतो. बाकीचे तिघे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

पात्र मेले की मेले.

गेममास्टर मोहन. खेळाडू आम्ही तिघे: त्याची पत्नी सुनंदावहिनी, कापडाचे लूम दुरुस्त करणारा सलीम, आणि मी.

वार शुक्रवार, दुपारी तीन. सलीमची जुम्म्याची नमाज आटोपलेली असे आणि गल्लीतले लूम बंद असत. इतर दिवशी मोहनच्या माडीवर फासा पडल्याचा आवाजही ऐकू येत नाही.

गोष्ट त्याने स्वतः रचलेली. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांखाली एक नाग झोपला आहे, त्याच्या श्वासाने तिथले पाणी तापते, आणि तो जागा होण्याआधी आम्ही त्याला गाठायचे.

गाठायला आम्हाला नऊ वर्षे लागली.

मोहन आपले फासे सुताच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड टाकत असे. गेममास्टरला तशी मुभा असते. पण त्याच्या पाठीमागे शोकेस होते, आणि एका शुक्रवारी त्याच्या काचेत मला फासा दिसला.

वीस. म्हणजे सर्वांत मोठा घाव. सलीमचा पहिलवान त्यात वाचला नसता.

"चार," मोहन म्हणाला. "हुकला."

मी आणखी तीन शुक्रवार काचेकडे पाहिले. मग बोललो.

मोहनने नाकारले नाही. "अरे सुधीर, हा आठवडाभर बारा बारा तास ड्युटी करून येतो. त्याचा माणूस तीनला मारला, तर पाचपर्यंत त्यानं काय नुसता चहा प्यायचा?"

मला वाटले, सलीम त्याची बाजू घेईल. तो पुठ्ठ्याकडे पाहत राहिला.

"मतलब मेरा पहलवान इतने दिन खैरात पे जी रहा था?"

वहिनींनी सांगितले की हे पत्तेही असेच खेळतात, मुद्दाम हरतात, आणि ते आपल्याला कळते हे मात्र त्यांना अजून कळलेले नाही.

माझे म्हणणे साधे होते, आजही तेच आहे. जिथे हरणे शक्य नाही, तिथले जिंकणे आपले नव्हे.

त्याच दिवशी पुठ्ठा निघाला. वहिनींनी पीठ मळायची परात आणून टेबलाच्या मध्यभागी ठेवली. यापुढे प्रत्येक फासा परातीत, सर्वांसमोर.

परातीत पडलेला पहिला वीस माझ्या पात्रावर आला. एक म्हातारा नावाडी. सहा वर्षे मी त्याला जपले होते.

मोहनने माझ्याकडे पाहिले. "परातीला धक्का लागला माझा. परत टाकू?"

"धक्का लागला नाही," मी म्हणालो.

नावाडी मेला. त्या संध्याकाळी मी न जेवता झोपलो. पण माझे बरोबर होते. पुन्हा तसेच म्हणेन.

पुढे, मी नवे पात्र घेतल्यावर, नागाशी झुंज झाली. तीन शुक्रवार चालली. शेवटचा घाव सलीमचा. त्याने गल्लीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की नाग मारला. समोरच्या आजोबांनी सर्पमित्राला बोलवायचे का, असे गंभीरपणे विचारले.

पाच महिन्यांनी पूर्णा गावच्या गोदामात, ड्युटीवर, मोहन गेला.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची वही माझ्या हाती दिली. "भाऊजी, आता तुम्ही चालवा."

वहीत प्रत्येक शत्रूची ताकद लिहिलेली असते. घाव बसेल तशी ती घटते, शून्य झाली की शत्रू पडतो. हा आकडा फक्त गेममास्टरला ठाऊक असतो.

सगळे आकडे पेन्सिलीने होते. पानोपानी खोडलेले, त्यावर नवे लिहिलेले.

समासात कारणे. "सलीम दमलाय आज. वीस कमी." "सुधीर नावाड्यापासून गप्प हाय. पंधरा कमी."

परात आल्यानंतरही. शेवटपर्यंत. मी फाशावर डोळा ठेवून बसलो आणि वही पाहण्याचे मला सुचले नाही. चूक माझी.

नागाचे पान मी आठ दिवस उघडले नाही. खाडाखोडीचे मी सलीमला सांगितले होते; तो रोज फोन करून एकच विचारायचा, देखा क्या? नऊ वर्षांत त्याने स्वतःची म्हणावी अशी ती एकच जीत होती.

नवव्या दिवशी उघडले.

आकडा बॉलपेनने लिहिलेला. चारशे. खाली तीन शुक्रवारांचा प्रत्येक घाव ओळीने वजा केलेला. मी दोनदा वजाबाकी करून पाहिली. कुठेही खाडाखोड नाही.

तळाशी मोहनचे अक्षर: "हितं हात लावायचा न्हाय. तिघं मेली तर मेली."

मी सलीमला फोन केला. त्याच्या मागे लूम धडधडत होते, त्यामुळे दोनदा सांगावे लागले.

"मतलब सच में मारा?"

"हो. तूच मारलास."

त्याने फोन ठेवला नाही. बराच वेळ मी लूमचा आवाज ऐकत राहिलो.

वर्षभर मी गेममास्टर आहे. माझा हात दोनदा खोडरबराकडे गेला. एकदा मी तो उचललाही. मोहन, तुला हसू येईल.

तेव्हापासून वही मी पेनाने लिहितो. शुक्रवारी तीनला परात टेबलावर असते.

तुझ्या बाकीच्या पानांबद्दल माझी तक्रार कायम आहे. त्या एका पानासाठी, मित्रा, मनापासून नमस्कार.